आधी काय वाचवायचं, आई?

प्रिय आई,

सून सासूला पत्र लिहिते, आणि तेही सासू गेल्यावर! तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "प्रज्ञा, मी होते तव्हा दोन शब्द बोलायला टाइम नव्हता तुला, अन् आता पत्र लिहायलीस?" खरं आहे. पण विचारायचं तुम्हालाच आहे, आणि तुमचा फोन आता तुमची नात वापरते.

तुमचा लॅपटॉप बंद पडलाय. स्टेशनजवळच्या दुकानात दिलाय. आज सकाळी दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, डिस्क जाने को आयी है. शाम तक बोलो, यही रिपेअर करना है या नया लेना है. और अंदर का पहले क्या निकालूँ, वो भी बोलो. सब निकलेगा इसकी गॅरंटी नहीं." आज माझी सुट्टी. मिलिंद कामावर, सम्यका कॉलेजात. कुकर उतरवला आणि ओट्याशी तशीच उभी राहिले. काही सुचेना, म्हणून सम्यकाच्या वहीतली पानं फाडून बसले.

दमलेय मी, आई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही वाकडंतिकडं लिहिलं तर समजून घ्याल.

मिलिंदच्या ऑफिसनं जुने लॅपटॉप काढून टाकले तेव्हा त्यानं हा घरी आणला. म्हणजे आपल्याकडे आला तेव्हाच तो म्हातारा! तुम्ही नुकत्याच बालवाडीतून रिटायर झाला होतात आणि रिकाम्या बसवत नव्हतं. विहारात कोणीतरी म्हणालं, बाई, तुमची भांडुपपासून कळव्यापर्यंत ओळख आहे, आमच्या पोरीसाठी एखादं स्थळ बघा की. तुम्ही बघितलं, ते जमलं, आणि आपल्या दोन खोल्यांचं लग्नाचं ऑफिस झालं. तेही फुकट! चहा-साखर आपली, चपला ठेवायला जागा आपली, आणि रविवारची माझी झोप गेली ती वेगळीच.

किती रागावायचे मी! लोकांनी आणलेले बायोडेटे होते तसे पुढे पाठवायचे सोडून तुम्ही प्रत्येक बायोडेटा नव्यानं टाइप करायचात, एका बोटानं. म्हटलं, "आई, फोटो काढून पाठवा ना, कशाला एवढा खटाटोप?" तर म्हणालात, "त्यात रंग लिहिलाय." रंगाचा रकाना तुम्ही सगळ्यांच्या बायोडेट्यातून उडवायचात. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सगळं साफ. एका आत्याबाईंनी विचारलं, रंगाशिवाय कळणार कसं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "रंग कशाला पाह्यजे? घर रंगवायचंय का?" आत्याबाई चहा अर्धा टाकून गेल्या.

आणि मुलांच्या बायोडेट्यात तुमचा तो खास रकाना: स्वयंपाकातलं काय येतं. एक बाप चिडून म्हणाला, "मॅडम, आमचा मुलगा इंजिनीयर आहे." "मंग? इंजिनीयरला भूक लागत नाही?" त्या मुलानं शेवटी मान खाली घालून सांगितलं, अंडाभुर्जी येते. तुम्ही ते टाइप केलंत आणि वर त्याचं कौतुकही केलंत!

सगळ्यात मजेची तुमची फाईलींची नावं. आपल्यात सोनाली गायकवाड आणि राहुल जाधव काय कमी आहेत? कोण कुठलं ते कळेना, म्हणून माणसं घरी येऊन गेली की तुम्ही फाईलला स्वतःच्या मनानं नाव द्यायचात. "सोनाली घाटकोपर हसरी." "सोनाली कळवा मामा भांडखोर." "प्रशांत आईला विचारून पाणी पितो." मी आणि सम्यका वाचून लोळायचो. एकदा तुम्ही बाजारात गेलात तेव्हा मी माझीही फाईल शोधली होती. नव्हती. असणार कशी? मिलिंदनं आणि मी आमचं आम्हीच जमवलेलं. काय नाव दिलं असतं हो मला? विचारायची हिंमत झाली नाही.

कागद मात्र तुम्ही ठेवून घेत नव्हता. टाइप झालं की बायोडेटा आणि फोटो ज्याचा त्याला परत. "लोकाच्या पोरीचा फोटो आपल्या घरात पडून राहू नाही." इंटरनेटवर ठेवायलाही तुमचा साफ नकार. म्हणजे जे काही होतं ते या एका मशीनमध्ये. तेव्हा मला ते पटलं होतं. आज तिथंच घोडं अडलंय.

मग तुम्ही गेलात. आणि तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, मी सांगते. वंदना झाली, लोक जेवायला बसले. मी पांढऱ्या साडीत खीर वाढत होते. डोळे सुजलेले. पंगतीतल्या एका बाईनं वाटी पुढे केली, खीर घेतली आणि दुसऱ्या हातानं पर्समधून कागद काढून माझ्या हातात कोंबला. "ताई, आता तुम्हीच. पोरगी बी.कॉम. आहे." आई, मी काय करायचं होतं? एका हातात पळी, एका हातात ती बी.कॉम. पोरगी!

तेव्हापासून फोन थांबलेला नाही. दिवसभर मी लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधते. उपाशीपोटी आलेली माणसं, त्यांची चिडचिड, बारीक हातांची म्हातारी माणसं, सुई बघून रडणारी पोरं. घाटकोपरवरून घरी येते तेव्हा पाय माझे नसतात. आणि दारात पोचेपर्यंत फोन: "ताई, आमच्या मुलाचं काही पाहिलंत का?" पाहिलं हो, आजच शंभर लोकांचं रक्त पाहिलं, तुमच्या मुलाचं राहिलं. असं म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही. "बघते" म्हणते.

त्यात तुमचा लॅपटॉप. बिजागरी तुटलेली, म्हणून पडद्याच्या मागे तुरीच्या डाळीचा डबा लावायचा. चार्जरची पिन विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होतो, नाहीतर रुसतो. पंखा असा घरघरतो की शेजारच्या सावंतकाकूंनी विचारलं, मिक्सर बिघडलाय का? मिलिंद म्हणतो, "फेकून दे ना यार, काय लावलंय!" सम्यकानं उपाय काढला. "मम्मी, ऑनलाइन फॉर्म बनवते. लोक स्वतःच भरतील. तुझी कटकट गेली." बनवला तिनं. झकास दिसत होता. लोकांनी भरला आणि काय आलं? गोरी पाहिजे, सडपातळ पाहिजे, नोकरी करणारी पण घर सांभाळणारी पाहिजे. तुम्ही एवढी वर्षं दाराबाहेर काढलेलं सगळं खिडकीतून आत! सम्यका स्वतःच म्हणाली, "शी!" आणि फॉर्म बंद केला.

आता जाधवांची गोष्ट सांगते. मुलुंडचे जाधव, राहुलचे वडील. आठवले? राहुलचा बायोडेटा मी घाटकोपरच्या साळव्यांना फोनवर पाठवला. दिवसभर उभी होते, डोळे मिटत होते, फाईल निवडली आणि पाठवली. नाव बदलायचं राहून गेलं. फाईलबरोबर तिचं नावही जातं, हे तुम्ही मला कधी बोलला नव्हता! तुम्ही पाठवताना नाव बदलायचात, हे मला नंतर कळलं. साळव्यांच्या काकांनी ती फाईल चुकून विहाराच्या ग्रुपवर टाकली. आणि सगळ्या ग्रुपनं वाचलं: "राहुल मुलुंड मुलगा सोन्यासारखा बापाला बोलू देऊ नये."

वाट लागली की नाही?

रविवारी सकाळी बेल वाजली. जाधव दारात, हातात फोन.

"जय भीम. हे काय आहे?"

"काका, फाईलचं नाव आहे."

"ते मला दिसतंय. ठेवलं कोणी?"

"आईंनी."

ते बसले. पाणी प्यायले. मी मनातल्या मनात माफीची तीन-चार वाक्यं जुळवत होते. तर म्हणाले, "बाई मला हे तोंडावर बोलल्या होत्या. म्हणाल्या, जाधव, पोरीकडचे आले की तुमच्या सोसायटीच्या लिफ्टची स्टोरी सांगत जाऊ नका. मी म्हटलं, सांगणार! लिफ्टसाठी किती भांडलोय मी. मी ऐकलं नाही आणि स्थळं गेली." जरा वेळ गप्प बसले. आई, जाधव आणि गप्प! मग म्हणाले, "आता घरात मला कोणी काही बोलत नाही. राहुलची आई होती तोवर ती बोलायची. मग बाई. आता सगळे हो काका, हो काका करतात."

मला वाटलं होतं भांडण होईल. मी चहा टाकला. साळव्यांच्या मुलीनं ते नाव वाचून घरी सांगितलं होतं म्हणे, "मुलगा सोन्यासारखा लिहिलंय ना? मग वडलांचं मी बघते." पुढच्या रविवारी बघायचा कार्यक्रम झाला. जाधवांनी लिफ्टचा विषय काढला नाही, फक्त चिवडा पुढे करत राहिले. लग्न ठरलं, आई! ते सांगायला आले तेव्हा तुमच्या नावाचा हार आणला होता त्यांनी.

जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "माझी भाची आहे, करुणा. सोडचिठ्ठी झालीय. तिचंही घ्या. आणि फाईलला खरं नाव ठेवा, बाई ठेवायच्या तसं."

करुणा आली. हातात पिशवी, ऑफिसातून थेट. मी तुमच्यासारखं काही विचारलं नाही, मला ते जमत नाही. आम्ही दोघी नुसत्या बसलो. ती म्हणाली, "ताई, तुम्हीपण दमलेल्या दिसता." म्हटलं, "हो गं." मग दोघी हसलो. तिनं मला सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, तिचं आहे. कागद आणि फोटो तुमच्यासारखेच परत दिले. डाळीचा डबा लावून मी बायोडेटा टाइप केला, रंग न लिहिता. आणि नाव दिलं: "करुणा भांडुप घाबरलेली नाही दमलेली आहे." मी नाव दिलेली ती पहिली फाईल.

त्यानंतर आठवडाभरात लॅपटॉप उघडेनासा झाला. काळा पडदा, आतून टक् टक् आवाज. खरं सांगू? पहिल्यांदा मला हायसं वाटलं. वाटलं, सुटले! लोकांना सांगायचं, मशीनच गेलं हो, काय करणार? कोणी दोष देणार नाही. तो सगळा दिवस मी मजेत होते, गाणं गुणगुणत भाजी चिरली. संध्याकाळी करुणाचा मेसेज आला, नुसतं "जेवलात का ताई?" दुसरं काही नाही. स्थळाबद्दल एक शब्द नाही. आणि मी लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात घेऊन गेले.

आता अडचण नीट समजून घ्या. दुकानदार म्हणतो, डिस्क एकदा चालेल, कदाचित. किती वेळ, माहीत नाही. आत तुमचे दोन मोठे कप्पे आहेत. एक "स्थळं". दुसरा "घर". "घर"मध्ये काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. दिवाणाला वाळवी लागून अल्बम खाल्ला, तेव्हा उरलेसुरले फोटो तुम्ही स्कॅन करून आणले होते. मिलिंदचे बाबा, तुमचं लग्न, जालन्याचं घर, मिलिंद शाळेच्या गणवेशात, सम्यकाचं बारसं. मूळ फोटो कधीच चिकटून फाटले. भिंतीवर तुमचा एक फोटो आहे, ओळखपत्रासाठी काढलेला, त्यात तुम्ही तुमच्यासारख्या दिसतच नाही. बाबांचा तर तोही नाही.

लिहिता लिहिता उठून मिलिंदला फोन लावला.

"फोटो आधी," तो म्हणाला. विचारसुद्धा केला नाही.

"आणि स्थळं?"

"प्रज्ञा, लोकांचं लोक बघतील. माझ्या बापाचा एक फोटो नाही बाहेर. एक! आपण कोणाचा ठेका घेतलाय का?"

"नाही घेतला."

"मग?"

तो चुकीचं बोलत नव्हता ना. सुनेनं मुलाला काय सांगायचं, तुझे आईबाप नंतर काढू, आधी परक्या पोरी? मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तशीच बसून राहिले. डाळ-भात गार झाला. रागही आला, कोणाचा ते कळेना. बहुतेक तुमचाच.

हो, तुमचाच. आज बोलायचंच तर बोलते. आई, तुम्ही हे सगळं माझ्यावर सोडून गेलात आणि मला एकदा विचारलंसुद्धा नाहीत! हॉस्पिटलात किती दिवस होतो आपण. मी तुमचे केस विंचरायचे, तुम्ही नर्सला जेवणाची चव सांगायचात. "प्रज्ञा, माझ्यामागं हे बघशील का?" एवढं वाक्य होतं. मी थोडी कुरकुर केली असती, माझा स्वभावच तो. पण हो म्हटलं असतं. हक्कानं मागितलेलं मला आवडलं असतं हो. न मागता गळ्यात पडलेलं ओझं वाटतं.

असो. मिलिंदचा पुन्हा फोन आला.

"ऐक. मघाशी मी बोललो ते सोड. आईचा चेहरा मला पाठ आहे. बाबांचाही. डोळे मिटले की दिसतात, फोटो कशाला लागतोय? त्या पोरींचं तसं नाही गं. त्यांचं कोण आहे लक्षात ठेवणारं? आई होती. आता ते मशीन आहे. ते आधी काढायला सांग."

"मिलिंद, नक्की?"

"सांग म्हटलं ना. ठेवतो, मीटिंग आहे."

मीटिंग वगैरे काही नव्हती. त्याची जेवणाची वेळ होती. तुमचा मुलगा आहे हो, रडायचं असलं की मीटिंग असते त्याला.

मी दुकानात फोन केला. आधी "स्थळं", मग "घर". "मॅडम, फॅमिली फोटो बाद में? पक्का?" "पक्का." आणि लॅपटॉप नवीनच घ्यायचा, तेही सांगितलं. रागावू नका. आठवण म्हणून मी मोडकं मशीन डाळीच्या डब्याला टेकवून नाही चालवू शकत. कंबर माझी दुखते. तुमची आठवण यायला मला पिन धरून बसावं लागत नाही, ती चहा गाळतानाही येते.

इथं पत्र थांबवलं होतं. आता संध्याकाळ झालीय, दुकानात जाऊन आले, पुढचं लिहिते.

"स्थळं" सगळं निघालं. सोनाल्या निघाल्या, प्रशांत निघाला, करुणा निघाली. "घर" मात्र सुरू झालं आणि मध्येच डिस्क थांबली. त्यानं दोनदा, तीनदा करून पाहिलं. मग पडदा माझ्याकडे फिरवून म्हणाला, "सॉरी मॅडम, इतनाही आया." पाच-सहाच फोटो. बाबा नाहीत. जालन्याचं घर नाही. सम्यकाचा पहिला वाढदिवस आहे. फुगे आहेत, केक आहे, सम्यका कॅमेऱ्याकडे बघून रडतेय. तुम्ही तिच्या मागे बसला होतात, पण फोटो काढणाऱ्यानं तुम्हाला कापलंय. तुमचा फक्त हात आलाय. तिचा हात तुमच्या हातात, आणि दोघींच्या हातात सुरी.

दुकानातच रडले मी, आई. काउंटरला धरून. मागे मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेली माणसं उभी होती. असू देत.

आता वचन देते. दर रविवारी सकाळी दार उघडं राहील. रंग कोणाचाही लिहिणार नाही आणि भुर्जी येणाऱ्याचं कौतुक करीन. पाठवताना फाईलचं नाव बदलीन. करुणाला तिच्यासारखाच कोणी दमलेला भला माणूस मिळतो का बघीन, आणि नाही मिळाला तर तिच्याबरोबर चहा पिईन. बाकीचे सहा दिवस मात्र फोन उचलणार नाही. तुम्ही चोवीस तास उचलायचात, मला ते नाही झेपत.

मिलिंद आता येईलच. त्याला अजून सांगितलेलं नाही, त्याला वाटतंय सगळं निघालं असेल. त्याच्यापासून काही लपवणार नाही. पण आल्या आल्या काही बोलणार नाही मी. चहा देईन, शेजारी बसेन आणि आधी त्याला तुमचा तो हात दाखवीन.

तुमची,
प्रज्ञा